मामा तलावावर उतरणारा हिमालयाचा प्रवासी

धानाची कापणी आटोपून थंडी पडली की भंडारा जिल्ह्यातल्या मामा तलावांवर दूरदेशीचे पक्षी उतरू लागतात. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेल्या या माजी मालगुजारी तलावांच्या पाहुण्यांत मला सर्वांत अद्भुत वाटतो तो पट्टकादंब हंस. करडे अंग, पांढरे डोके आणि त्यावर दोन काळे पट्टे. मंगोलिया-तिबेटच्या सरोवरांकाठी त्याची वीण होते आणि हिवाळ्यासाठी तो हिमालय ओलांडून येतो.

भंडारा समुद्रसपाटीपासून जेमतेम 250 मीटर उंच. हवेत प्राणवायूचे प्रमाण इथे 21 टक्के, एव्हरेस्टवरही तेवढेच. घटतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर निम्मा, एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांश. फुप्फुसातला प्राणवायू या दाबाच्या जोरावरच रक्तात शिरतो. दाब उतरला की रक्तातून प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन अर्धवट रिकामे राहते. कोरोनाकाळात घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर भंडाऱ्यातल्या निरोगी माणसाच्या बोटावर साधारण 95 ते 99 टक्के दाखवतो. 2007 मध्ये एव्हरेस्टवरून उतरताना काही डॉक्टर-गिर्यारोहकांनी 8400 मीटरवर जांघेतल्या धमनीतून स्वतःचे रक्त काढले. त्यातली प्राणवायूची पातळी सरासरी 54 टक्के भरली. इथल्या दवाखान्यात हा आकडा दिसला तर रुग्णाला तातडीने अतिदक्षता विभागात हलवतील. ती माणसे मात्र अनेक आठवडे विरळ हवेची सवय केल्यामुळे चालत होती.

आपला हंस तर या हवेत पंख मारत उडतो, आणि उडताना त्याला विश्रांतीच्या कितीतरी पट प्राणवायू लागतो. उपग्रहाशी जोडलेल्या यंत्रांनी त्याची 7290 मीटरपर्यंतची उंची नोंदवली आहे, जरी बहुतेक प्रवास तो खिंडीखिंडींतून, साडेपाच हजार मीटरच्या आतच करतो. गुपित रक्तात आहे. हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीत 119 व्या जागी इतर हंसांत प्रोलीन हे अमिनो आम्ल असते, याच्यात ॲलानिन. एवढ्याशा बदलाने हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट धरते. हिमोग्लोबिनची रचना उलगडून 1962 चे नोबेल मिळवणाऱ्या मॅक्स पेरुट्झ यांनी 1983 मध्येच या बदलाकडे लक्ष वेधले होते. त्यात पक्ष्यांच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, आणि या हंसाच्या छातीच्या स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळेही दाट असते. निसर्गाने एका अणुगटाच्या फेरफारातून केवढे काम साधले!

माणसाला असे रक्त जन्मतः मिळालेले नाही. उंचीवर पोहोचताच त्याचा श्वास वाढतो, तांबड्या पेशी वाढायला मात्र आठवडे लागतात. म्हणून भंडाऱ्यासारख्या सखल भागातून विमानाने थेट 3500 मीटरवरच्या लेहला जाणाऱ्यांनी पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. बसल्या जागी दम लागला, खोकला वाढला किंवा तोल जाऊ लागला, तर वाट न पाहता खाली उतरावे आणि डॉक्टरांना गाठावे.