मागच्या ॲक्सलचा आकडा

१९६९ च्या मॉडेलवर्षात फोर्डच्या डीलरकडे ४२८ कोब्रा जेट इंजिनाच्या मस्टँगची ऑर्डर देताना गिऱ्हाइकाने मागच्या ॲक्सलसाठी ३.९१ किंवा ४.३० चा रेशो मागितला, तर कारखाना त्याला इंजिनही वेगळं द्यायचा. बाहेरून तसंच, जाहिरातीतली ताकदही तीच, ३३५ हॉर्सपॉवर. पण आत जास्त मजबूत कनेक्टिंग रॉड आणि समोर इंजिन ऑइल थंड करणारा वेगळा कूलर. या इंजिनाला सुपर कोब्रा जेट म्हणतात. हिशेब सरळ होता. असा रेशो मागणारा माणूस गाडी शर्यतीत पळवणार, आणि साध्या इंजिनाला ते सोसणार नाही. आज त्या मस्टँगचं मोल ठरवताना जाणकार आधी दार उघडून दाराच्या पट्टीवर ॲक्सलच्या कोडचं अक्षर शोधतात. 'व्ही' असेल तर ३.९१, 'डब्ल्यू' असेल तर ४.३०. दुसरं एखादं अक्षर निघालं, तर ती सुपर कोब्रा जेट नव्हे.

अमेरिकेतल्या साठच्या दशकातल्या या मसल कारविषयी बोलताना सगळं बोलणं इंजिनाभोवती फिरतं: किती घन इंच, किती हॉर्सपॉवर. माझं मत वेगळं आहे. या गाड्यांचा स्वभाव मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी हाउसिंगमध्ये ठरत होता, आणि गाडी ओळखायची तर तिथूनच ओळखावी.

हाउसिंगच्या आत क्राऊन आणि पिनियन अशी दोन चाकांची जोडी असते. आपल्याकडच्या कुठल्याही ट्रक मेकॅनिकला ती ठाऊक आहे. प्रॉपेलर शाफ्ट पिनियनला फिरवतो, पिनियन क्राऊनला, आणि क्राऊन चाकांना. क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागलं की रेशो मिळतो. ४१ ला १० ने भागलं की ४.१०, ४१ ला ११ ने भागलं की ३.७३, ४१ ला १५ ने भागलं की २.७३. पिनियनचे चार-पाच दाते इकडचे तिकडे झाले की तीच गाडी वेगळी वागते. शेव्हरोलेच्या त्या काळच्या क्लोज-रेशो चार-गिअर मन्सी गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरचा रेशो २.२० होता. मागे ३.०८ असेल तर इंजिनाचा जोर चाकापर्यंत पावणेसातपट होऊन पोहोचतो, ४.१० असेल तर नऊपट. सिग्नल सुटल्यावर पाठ सीटला चिकटते ती या फरकामुळे.

त्याची किंमत हमरस्त्यावर मोजावी लागे. त्या गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह नव्हता. चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि प्रॉपेलर शाफ्ट एकाच गतीने फिरत. साडेसव्वीस इंच व्यासाच्या टायरवर ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर वेगाला ३.०८ च्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण २,३४० फेरे घेतं, तर ४.१० च्या गाडीचं ३,१०० हून जास्त. तासन्‌तास तो आवाज कानात आणि पेट्रोलचा काटा खाली. म्हणून कंपन्यांनी प्रत्येक गाडीसाठी रेशोंची यादीच ठेवली होती. १९६९ च्या कॅमारो झेड/२८ मधलं ३०२ घन इंचांचं लहान इंजिन वरच्या फेऱ्यांवरच जागं होई, त्यामुळे तिला ३.७३ मूळचाच मिळे. त्याच वर्षी ४२७ घन इंचांच्या ॲल्युमिनियम इंजिनाच्या झेडएल१ कॅमारो फक्त ६९ बनल्या, त्यांच्या मागे ४.१० होता. १९७० च्या शेव्हेलमधल्या ४५० हॉर्सपॉवरच्या एलएस६ इंजिनाबरोबर मात्र ३.३१ ही मिळे आणि ४.१० ही. वरून पाहून दोन्ही गाड्यांत काही फरक दिसणार नाही.

गुंता पुढे झाला. १९७३ च्या तेलसंकटानंतर कित्येकांनी ४.१० काढून २.७३ चा ॲक्सल बसवला. शर्यतीवाल्यांनी उलटं केलं. तुटलेले ॲक्सल भंगारातल्या गाड्यांमधून बदलले गेले. पन्नास वर्षांत चार-पाच मालक झालेल्या गाडीखाली कारखान्यातून निघालेलाच ॲक्सल असेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. आणि आता अस्सल गाडीला भरपूर पैसे मिळतात म्हटल्यावर खोटे शिक्के मारणारेही आहेत. म्हणून ॲक्सल ओळखणं ही एक स्वतंत्र विद्या झाली आहे.

पहिला पुरावा कागदाचा. इथे प्रत्येक कंपनीचा रिवाज निराळा. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांच्या कारखान्यातल्या नोंदी टिकल्या आहेत. गाडीचा क्रमांक दिला की त्यावरून निघणारा मार्टी रिपोर्ट मूळ रेशो सांगतो. पॉन्टियाकसाठी हेच काम पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस करते. क्रायस्लरच्या गाड्यांत बॉनेटखालच्या फेंडरवर पत्र्याची छोटी पट्टी असते. तिच्यावर ए३३ असेल तर ३.५४ चं ट्रॅक पॅक, ए३४ असेल तर ४.१० चं सुपर ट्रॅक पॅक. शेव्हरोलेचे शौकीन मात्र अडचणीत येतात, कारण त्यांच्या बॉडीवरच्या पट्टीवर ॲक्सलचा उल्लेखच नसतो. त्यांना दोनच आधार. एक, वॉरंटीच्या पुस्तिकेत चिकटवलेली प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही धातूची पट्टी, जिच्यावर ॲक्सलचा कोड उठवलेला असे. दुसरा, जुळणीच्या वेळचा बिल्ड शीट नावाचा कागद. कामगार तो सीटच्या स्प्रिंगांमध्ये किंवा पेट्रोलच्या टाकीवर खोचून टाकत, आणि तो तिथेच राहून जाई. टाकी उतरवल्यावर असा पिवळा पडलेला, उंदरांनी कुरतडलेला कागद मिळाला, तर तो जपून ठेवावा असा दस्तऐवज आहे.

दुसरा पुरावा हाउसिंगचा. शेव्हरोलेच्या दणकट ॲक्सलच्या मागच्या झाकणाला १२ बोल्ट असतात आणि क्राऊनचा व्यास ८.८७५ इंच. साध्या ॲक्सलला १० बोल्ट आणि क्राऊन ८.२ इंच. तेव्हा झाकणाचे बोल्ट मोजणं ही पहिली पायरी. पुढचा कोड उजव्या बाजूच्या ॲक्सल ट्यूबवर, पुढच्या अंगाला ठोकलेला असतो. गंज आणि डांबराच्या थराखाली तो लपतो. तारेच्या ब्रशने आणि केरोसीनने तो हळूहळू साफ करावा. ग्राइंडर लावला की अक्षरंही जातात आणि पुरावाही.

क्रायस्लरचा पावणेनऊ इंची ॲक्सल १९५७ पासून १९७४ पर्यंत चालला. त्याच्या केसवरच्या कास्टिंग क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे महत्त्वाचे. ७४१ मध्ये पिनियनचा दांडा सर्वांत बारीक, ७४२ मध्ये पावणेदोन इंच जाड, ४८९ मध्ये निमुळता. हेमी इंजिन आणि चार-गिअर असेल तर बहुधा पावणेदहा इंची क्राऊनचा डॅना ६० येई. इथली एक गंमत मला फार आवडते. पावणेनऊ इंचीतला ३.५५ म्हणजे ३९ ला ११, आणि डॅनातला ३.५४ म्हणजे ४६ ला १३. भागाकार केला तर एक ३.५४५ आणि दुसरा ३.५३८. चाकं फिरवून हा फरक कोणालाही कळणार नाही, पण हाउसिंगकडे नुसतं पाहिलं तरी कळतो.

फोर्डचा नऊ इंची ॲक्सल हा या सगळ्यांत थोर. १९५७ ते १९८६ अशी जवळजवळ तीस वर्षं तो बनला. नॅस्कारच्या शर्यतींत शेव्हरोलेच्या गाड्यांनीसुद्धा कित्येक दशकं याच रचनेचा ॲक्सल वापरला. त्याला मागे झाकण नाही. क्राऊन-पिनियनचा पूर्ण गोळा पुढून बाहेर येतो. पिनियनला इतर ॲक्सलमध्ये दोन बेअरिंगांचा आधार असतो, इथे मागच्या टोकालाही तिसरा, म्हणून तो जोराखाली वाकत नाही. या गोळ्याच्या एका बोल्टखाली पत्र्याचा छोटा टॅग लटकतो. त्यावर ३.५० असेल तर साधा डिफरेंशियल. दशांशचिन्हाच्या जागी 'एल' असेल, म्हणजे '३ एल ५०' असं लिहिलेलं असेल, तर रेशो तोच, पण आत लिमिटेड स्लिप. मात्र बोल्ट काढणाऱ्याने टॅग परत लावला असेल तरच हे सगळं दिसणार, आणि दुसऱ्या गाडीचा टॅग लावणंही अवघड नाही.

म्हणून तिसरा मार्ग, हाताचा. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, मागची दोन्ही चाकं उचलून ॲक्सल भक्कम स्टँडवर टेकवायचा, गिअर न्यूट्रलमध्ये, हॅन्डब्रेक सोडलेला. टायरवर खडूने एक रेघ, तिच्यासमोर बॉडीवर दुसरी, आणि प्रॉपेलर शाफ्टवर तिसरी. आता एक चाक हाताने फिरवायचं. दुसरं उलट फिरलं तर डिफरेंशियल साधा, सोबत फिरलं तर लिमिटेड स्लिप. सोबत फिरत असतील तर चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे जितके फेरे तोच रेशो. साध्या डिफरेंशियलमध्ये एक चाक कोणीतरी घट्ट धरायचं आणि दुसऱ्याचे दोन पूर्ण फेरे करायचे, कारण एकच चाक फिरतं तेव्हा क्राऊन अर्धाच फिरतो. हे विसरून रेशो निम्मा सांगणारे पुष्कळ भेटतात. एका फेऱ्यावर समाधान मानू नये. क्राऊनचे दहा फेरे होतील इतकं फिरवलं की ३.०० आणि ३.०८ मधला फरक शाफ्टच्या पाऊण फेऱ्याहून मोठा होतो आणि नजरेला स्पष्ट दिसतो.

या परीक्षेतही एक फसगत आहे. लिमिटेड स्लिपमधल्या क्लच-पट्ट्या झिजल्या की तो साध्यासारखाच वागतो आणि चाकं उलटी फिरतात. शेव्हरोलेने त्याला पोझिट्रॅक्शन म्हटलं, पॉन्टियाकने सेफ-टी-ट्रॅक, क्रायस्लरने शुअर-ग्रिप, फोर्डने ट्रॅक्शन-लॉक. नावं वेगळी, हेतू एक: एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर मिळावा. १९९२ च्या 'माय कझिन व्हिनी' या चित्रपटातला खटला याच मुद्द्यावर फिरतो. रस्त्यावर दोन्ही टायरचे सारखे ठसे उमटले आहेत, आणि साध्या डिफरेंशियलची गाडी ते उमटवू शकत नाही, अशी साक्ष नायिका कोर्टात देते. त्या भूमिकेसाठी मरिसा टोमेला ऑस्कर मिळालं. इतक्या तांत्रिक गोष्टीवर इतका जिवंत प्रसंग मी दुसऱ्या चित्रपटात पाहिलेला नाही.

शेवटचा पुरावा आतला. झाकणाचे बोल्ट सैल केले की आधी गंधकाचा उग्र वास असलेलं काळपट तेल खालच्या ट्रेमध्ये ओघळतं. झाकण निघाल्यावर समोर क्राऊन दिसतो. त्याच्या कडेवरचं तेल फडक्याने पुसून क्राऊन सावकाश फिरवला, की बहुतेक वेळा ठोकलेले आकडे सापडतात: '४१ ११'. ते पुसट असतील तर एका दात्याला रंगाचा ठिपका द्यायचा आणि पूर्ण फेरा मोजायचा. टॅग, कोड, कागद हे सगळे गाडी कशी होती ते सांगतात. ती आज कशी आहे ते दातेच सांगतात.

दाते मोजताना आणखी एक गोष्ट कळते. ४१ आणि ११ ला सामाईक विभाजक नाही, म्हणून पिनियनचा प्रत्येक दाता कधी ना कधी क्राऊनच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. फोर्डच्या ३.०० मध्ये मात्र ३९ आणि १३ दाते होते. तिथे पिनियनच्या एका दात्याची गाठ आयुष्यभर क्राऊनच्या त्याच तीन दात्यांशी पडते. ३.५० म्हणजे ३५ आणि १०, तिथे सात दात्यांशी. अशा जोड्यांवर कारखान्यात खुणा केलेल्या असत आणि पुन्हा जोडताना त्या जुळवाव्याच लागतात. न जुळवता जोडलेली जोडी गुणगुणायला लागते.

हे गणित आपल्याला परकं नाही. महिंद्रने ज्या विलीज सीजे-३बी जीपच्या जोरावर आपली जीप घराघरात ओळखीची केली, तिचा रेशो ५.३८ होता, म्हणजे ४३ ला ८. खडकाळ चढ चढायचा, वेगाची घाई नाही, म्हणून आकडा इतका मोठा. ॲक्सल बनवणाऱ्या त्याच डॅनाची भागीदारीतली कंपनी आज पुण्याजवळ चाकणला काम करते. डेट्रॉइटच्या परिसरात राहणाऱ्या मराठी अभियंत्यांना तर दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर या गाड्यांची रांग पाहायला मिळते. साठच्या दशकात याच रस्त्यावर या गाड्या रात्री सिग्नलपासून सिग्नलपर्यंत पळत.

त्या अभियंत्यांपैकी कोणी अशी गाडी विकत घ्यायला निघालं असेल, तर एवढं करा. विकणारा ४.१० म्हणतो म्हणून मान्य करू नका, आणि स्पीडोमीटरवरही विसंबू नका. रेशो बदलून गिअरबॉक्समधलं त्याचं प्लॅस्टिकचं छोटं चाक बदललं नसेल तर तो चुकीचा वेग दाखवतो. आधी कागद मागा, मग गाडी उचलून फेरे मोजा, आणि व्यवहार मोठा असेल तर नव्या गॅस्केटचा आणि तेलाचा खर्च स्वतः देऊन झाकण उघडायला सांगा. फोर्डचा नऊ इंची ॲक्सल असेल तर पूर्ण गोळा बाहेर काढावा लागेल, तेही करा. विकणारा नाही म्हणाला, तर साध्या ॲक्सलच्या गाडीचीच किंमत द्या, त्याहून एक डॉलरही जास्त देऊ नका.