एअरफ्लो सेन्सरला रेझिस्टर लावून गाडीचा पिकअप वाढतो का? वायर कापण्याआधी हे वाचा

भाजीपाला, कांदा किंवा दुधाचे कॅन भरून घाट चढणाऱ्या पिकअपच्या मालकाची एक तक्रार ठरलेली असते, ‘गाडी ओढत नाही.’ त्यावर मोबाईलवरच्या व्हिडिओत एक स्वस्त उपाय हमखास दिसतो. एअरफ्लो सेन्सरच्या वायरीत छोटा रेझिस्टर टाका, पाच मिनिटांचं काम, हॉर्सपॉवर वाढलीच म्हणून समजा! हाच काही रुपयांचा रेझिस्टर डबीत घालून ‘पॉवर चिप’ या नावानेही विकला जातो. पण यात खरंच ताकद वाढते का?

हा सेन्सर करतो काय?

एअर फिल्टरच्या डब्यातून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात हा सेन्सर बसवलेला असतो. त्यात एक बारीक तार किंवा पातळ पट्टी असते आणि ती विजेवर तापवून ठेवलेली असते. आत येणारी हवा तिला गार करते. ती पुन्हा तेवढीच गरम ठेवायला किती करंट लागला, यावरून किती हवा आत गेली ते कळतं. हा हिशोब गाडीच्या कॉम्प्युटरकडे, म्हणजे ईसीयूकडे जातो आणि इंधन किती सोडायचं ते ईसीयू ठरवतो.

पेट्रोल नीट जळायला १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलला सुमारे ९ हजार लिटर हवा! इंजिनाची ताकद वाढवायची तर आधी आत जाणारी हवा वाढली पाहिजे.

इथेच खरी गोम आहे. सेन्सर हवा आणत नाही, फक्त मोजतो. तो वजनकाट्यासारखा आहे. काट्याचा आकडा वाढवला म्हणून पोत्यातलं धान्य वाढत नाही.

रेझिस्टर लावल्यावर काय होतं?

अनेक गाड्यांत याच सेन्सरमध्ये हवेचं तापमान मोजणारा भागही असतो. रेझिस्टर बहुतेक वेळा त्याच्याच वायरीला लावतात. बाहेर ऊन ४० अंशांचं असलं तरी ईसीयूला वाटतं की हवा थंडगार आहे. थंड हवा दाट असते, म्हणून तो इंधन वाढवायला बघतो. प्रत्यक्षात हवा तेवढीच असते.

पेट्रोल गाडीत सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो. इंधन जास्त झालं की तो ईसीयूला सांगतो आणि ईसीयू इंधन पुन्हा कमी करतो. म्हणजे साध्या रनिंगला फरक जवळपास शून्य. काही जण उलटं करतात, हवा कमी आहे असं दाखवतात. मग पूर्ण रेस दिल्यावर इंधन कमी पडतं आणि स्पार्क लवकर पडू लागतो. थोडा वेळ गाडी चपळ वाटेलही, पण लोडवर इंजिन ‘खटखट’ करायला लागतं. असंच चालू राहिलं तर पिस्टन जाऊ शकतो.

डिझेल गाडीत हवेपेक्षा जास्त इंधन गेलं की काळा धूर निघतो. अनेक डिझेल गाड्यांत ईजीआर व्हॉल्व्ह किती उघडायचा, हेही याच सेन्सरच्या हिशोबावर ठरतं. हवा जास्त दाखवली की जळालेला वायू जास्त प्रमाणात परत इंजिनात सोडला जातो. मग ताजी हवा आणखी कमी आणि काजळी आणखी जास्त. बीएस-६ डिझेल गाडीचा काजळी अडवणारा फिल्टर त्यामुळे लवकर भरतो. तो बदलायचा खर्च ऐकला की चिपची किंमत आठवतसुद्धा नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ रचनेशी जुळणार नाहीत, असा बदल गाडीत करता येत नाही. परवानगी नसलेला बदल मालकाने केला, तर कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. काळा धूर निघाला तर पीयूसी अडते ते वेगळंच. कंपनी वॉरंटी नाकारू शकते आणि अपघातानंतर विम्याच्या क्लेमलाही अडचण येऊ शकते.

मग पिकअप का गेला?

बऱ्याचदा गेलेली ताकद परत मिळवायची असते, नवी वाढवायची नसते. कच्चा रस्ता, मळणीचा भुसा, फाटलेला किंवा नीट न बसलेला एअर फिल्टर यामुळे धूळ सेन्सरच्या तारेवर बसते. तेल लावून वापरायच्या फिल्टरला जास्त तेल लागलं, तर तेही तारेवर जातं. तार माखली की हवा कमी मोजली जाते, इंधन कमी मिळतं आणि गाडी ढेपाळते. तेव्हा या क्रमाने तपासा :

• आधी एअर फिल्टर बघा. चोंदला असेल तर बदला. डब्याच्या क्लिपा घट्ट आहेत का तेही पाहा.
• सेन्सरपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप चिरलेला नाही ना, ते तपासा. तिथून न मोजलेली हवा आत शिरते. टर्बोच्या गाडीत तर दाबाची हवा बाहेर निघून जाते.
• चेक इंजिन लाइट लागला असेल तर स्कॅनर लावून घ्या. पी०१०१ हा कोड आला तर सेन्सरच्या मोजणीत गडबड आहे. पण लगेच नवा सेन्सर घेऊ नका, चिरलेल्या पाइपामुळेही तो कोड येतो.
• सेन्सर साफ करायचा तर इंजिन गार असताना, चावी काढून, फक्त एअरफ्लो सेन्सरसाठी मिळणारा स्प्रे वापरा. तारेला बोट, कापड, ब्रश किंवा काडी लावू नका. कार्बोरेटर क्लीनर आणि कंप्रेसरची हवाही नको. पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. स्प्रे पेट घेतो, जवळ विडी-काडी नको.

सगळ्याच गाड्यांना हा सेन्सर नसतो, हेही लक्षात ठेवा. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या जीपला तो नाही, आणि बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत त्याऐवजी हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो.

घाटात गाडी थोडी दमणार, ते मात्र कुठल्याच वायरीने टळत नाही. समुद्रसपाटीपासून १ हजार मीटर वर गेलं की हवा साधारण दहा टक्क्यांनी विरळ होते. टर्बोची गाडी ती तूट बरीचशी भरून काढते, साध्या इंजिनाला ते जमत नाही. तिथे खालचा गिअर टाकणं आणि भार आवाक्यात ठेवणं हाच उपाय. आणि कुणी ‘चिप लावून देतो’ म्हणालाच, तर आधी त्याच्यासमोर एअर फिल्टरचा डबा उघडून बघा.