त्या मुलाला कोणी विचारले?

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली बडोद्यात प्रथम रंगभूमीवर आले. तेव्हापासून मराठी प्रेक्षक, आणि त्यात उत्सवी नाटकांवर पोसलेला गोमंतकीय प्रेक्षकही, सुधाकराच्या अधःपाताने हळहळत आणि सिंधूच्या हालांनी डोळे पुसत आला आहे. त्या घरात एक तान्हे मूलही आहे. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याला कोणी काही विचारीत नाही. परंतु आपल्या वाड्यावाड्यांवरील व्यसनग्रस्त घरांत आठ, दहा, चौदा वर्षांची, सारे काही समजणारी मुले वाढत आहेत, आणि त्यांनाही आपण काहीच विचारीत नाही. समाजाची कीव आणि शासनाचे उपचार पिणाऱ्याभोवतीच फिरतात. मुलांचा प्रश्न ‘बाप सुधारला की पोरेही सावरतील’ या भरवशावर सोडून दिला जातो. हा भरवसा आम्हांस मान्य नाही.

प्रश्न लहान नव्हे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात, आणि मद्यामुळे ओढवलेल्या समस्यांसाठी मदतीची गरज असलेल्यांची संख्या ५ कोटी ७० लाखांच्या घरात जाते. मद्यपानाचे प्रमाण अधिक असलेल्या राज्यांत गोव्याचाही उल्लेख या पाहणीत आहे. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, याचा आनंद गोमंतकीयांना झाला तो रास्तच होता. दारूबंदी असावी की नसावी, हा वादही आम्ही येथे उकरून काढू इच्छीत नाही. त्या वादाचा निकाल लागेपर्यंत मुलांचे बालपण थांबून राहणार नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

अशा घरातील मुलाचा दिवस कसा जातो, याची कल्पना शेजाऱ्यांना असतेच. संध्याकाळ झाली की त्याचे लक्ष पुस्तकात नसते, पायरीवरच्या पावलांकडे असते. आज बाप कोणत्या तऱ्हेने येणार, हे त्याला चपलांच्या आवाजावरून कळते. काल मारणारा माणूस आज खाऊ घेऊन येतो, आणि कोणत्या बापावर विश्वास ठेवावा हे मुलाला उमगत नाही. ‘घरातले बाहेर बोलायचे नाही’ हा दंडक त्याला कोणी शिकवावा लागत नाही. व्यसन आईचे असेल, तर लाज दुप्पट होते. या मुलांतील काही वर्गात पेंगतात, भांडतात, शाळा बुडवितात, त्यामुळे निदान ती नजरेस तरी पडतात. काही मात्र अतिशय शहाणी असतात. विशेषतः थोरली मुलगी धाकट्यांना जेवू घालते, बापाला सावरून बिछान्यावर नेते आणि सकाळी वेळेवर वर्गात हजर असते. आपण तिच्या समंजसपणाचे कौतुक करतो. वास्तविक ते कौतुकाचे नव्हे, काळजीचे कारण आहे.

तेव्हा या मुलांसाठी करावयाचे काय? सर्वांत आधी त्यांना तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगितल्या पाहिजेत. बाप पितो तो तुझ्यामुळे नव्हे. त्याचे पिणे थांबविणे हे तुझे काम नव्हे. आणि हे विश्वासाच्या माणसाला सांगणे म्हणजे घराशी द्रोह नव्हे. व्यसनी व्यक्तींच्या मुलांना एकत्र येऊन मन मोकळे करता यावे, यासाठी अमेरिकेत १९५७ साली ‘अलाटीन’ हे मंडळ सुरू झाले, ते याच जाणिवेतून. हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. व्यसन, दारिद्र्य, कलह अशा घरांतूनही जी मुले नीट उभी राहिली, त्यांच्या आयुष्यात निदान एक भरवशाचे मोठे माणूस होते, असे त्यांना दिसून आले. ते आजी, शिक्षक वा शेजारी, कोणीही असू शकते. हे काम करण्यासाठी मोठ्या पदवीची आवश्यकता नसते. दर आठवड्याला, न चुकता, ‘कसा आहेस बाबा?’ असे विचारून उत्तर ऐकून घेणारा माणूस पुरतो.

शासनाकडे मात्र आमची एक नेमकी मागणी आहे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी मद्यपींशी काही बैठका केल्यास गुण येतो, हे ‘संगत’ या गोमंतकीय संस्थेच्या प्रयोगाने दाखवून दिले, आणि त्याचा अहवाल २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे वाट आपल्याच भूमीत तयार आहे. आरोग्य केंद्र असो वा बांबोळीचे मानसोपचार रुग्णालय, व्यसनासाठी येणाऱ्या प्रत्येकाच्या केसपेपरवर ‘घरी मुले किती, वये काय?’ हा प्रश्न असावा, आणि उत्तर मिळताच त्या मुलांची विचारपूस करण्याची जबाबदारी कोणाकडे तरी नेमून दिलेली असावी. बाप उपचार अर्धवट सोडून गेला, तरी मुलांची मदत थांबता कामा नये.

समाजाचे उत्तरदायित्व याहून कमी नाही. बापाची बाटली आणण्यासाठी मुलाला दुकानावर पिटाळले जाते, आणि दुकानदारही ती निमूटपणे त्याच्या हाती देतो. मुलांकडून मद्याची ने-आण करविणे हा २०१५ च्या बाल न्याय कायद्यान्वये सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस पात्र गुन्हा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? मुलाला मारहाण होत असेल, तर १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांक कोणीही विनामूल्य फिरवू शकतो. ‘दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडा’ असे म्हणून खिडकी लावून घेणे हा शेजारधर्म नव्हे.

व्यसनी माणूस सुधारावा, ही आमचीही इच्छा आहे. कित्येक जण सुधारतात, कित्येकांना त्यासाठी वर्षे लागतात, तर काही सुधारत नाहीत. मुलाला मात्र दहावे वर्ष एकदाच येते. बापाची वाट पाहण्यात ते निघून जाऊ देऊ नये.