कंपनीचं नाव ठेवताना आणि बदलताना



आपल्या काही प्रभागांमध्ये आता उत्पादक गटाच्या पुढची पायरी, म्हणजे महिलांची स्वतःची उत्पादक कंपनी, काढायची चर्चा चालू आहे. शेअर किती रुपयांचा, संचालक कोण, ऑफिस कुठे, यावर एका बैठकीत एकमत होतं. नावावर मात्र तीन-तीन बैठका जातात. एकीला देवीचं नाव हवं, दुसरीला गावाचं, तिसरीला इंग्रजी नाव हवं कारण "शहरात माल खपायला हवा ना." शेवटी कंटाळून कुणीतरी म्हणतं, आत्ता काहीतरी घालून टाकू, पुढे बदलू.

पुढे बदलता येतं, हे खरं आहे. पण ते किती पायऱ्यांचं काम आहे हे आधी कळलं, तर आजच्या बैठकीत अर्धा तास जास्त द्यायला कुणाची ना नसेल. लग्नानंतर आधार, रेशनकार्ड, पासबुक, गटाचं रजिस्टर या सगळ्यांवर नाव बदलून घेताना किती चकरा झाल्या, ते आठवा. कंपनीचंही तसंच असतं, फक्त कागद जास्त.

कंपनीचं नाव वेगळं, मालाचं नाव वेगळं

बहुतेक बैठकांमध्ये भांडण होतं ते या दोन गोष्टी एक समजल्यामुळे. कंपनीचं नाव सरकारदरबारी नोंदवलं जातं. ते बँकेच्या खात्यावर, पॅनकार्डवर, जीएसटीवर, करारावर येतं. मालाचं नाव, म्हणजे ब्रँड, पाकिटावर मोठ्या अक्षरात येतं आणि गिऱ्हाईक तेच लक्षात ठेवतं. दोन्ही एकच असायला पाहिजेत असं काही नाही.

लिज्जत पापड तुम्हाला माहीत आहे. 1959 साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तेव्हा त्यांच्या पापडाला 'लिज्जत' हे नाव नव्हतं. ते 1962 मध्ये ठरलं, आणि त्यासाठी स्पर्धा ठेवली होती. बक्षीस होतं पाच रुपये! म्हणजे काम आधी उभं राहिलं, मालाचं नाव तीन वर्षांनी आलं. 'अमूल'चंही बघा. आणंदच्या दूध उत्पादकांच्या संघाचं नाव मोठं आणि सरकारी थाटाचं होतं, 'अमूल' हे छोटं नाव लोणी-दुधाच्या पाकिटासाठी. आज संघाचं पूर्ण नाव किती जणांना सांगता येईल?

म्हणून माझं मत असं, की कंपनीचं नाव साधं, सगळ्या गावांना आपलं वाटेल असं ठेवा. सगळी हौस मालाच्या नावात करा. मसाल्याला एक नाव, पापडाला दुसरं, असंही चालतं.

कोणतं नाव मिळतं, कोणतं नाही

आपल्या प्रकारच्या कंपनीच्या नावाच्या शेवटी 'प्रोड्युसर कंपनी लिमिटेड' हे शब्द यावेच लागतात. कंपनी कायदा 2013 चा तसा नियम आहे. त्याच्या आधीचं नाव आपण निवडायचं.

नवीन कंपनी काढताना अर्ज ऑनलाइन होतो. 'स्पाइस प्लस' नावाचा फॉर्म आहे, त्याच्या पहिल्या भागात नाव मागायचं. फी 1000 रुपये आणि एका अर्जात दोन नावं देता येतात. नाव मंजूर झालं की ते आपल्यासाठी 20 दिवस राखून ठेवतात, तेवढ्यात बाकीचे कागद जोडायचे. नाकारलं तर एकदा सुधारून देता येतं, तेही नाकारलं तर पुन्हा नवीन अर्ज, पुन्हा 1000. म्हणून सीएकडे जाताना दोनच नावं घेऊन जाऊ नका, पाच-सहा ठरवून जा.

नाकारण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आधीच असलेल्या कंपनीच्या नावासारखं नाव. आणि 'सारखं' याचा अर्थ आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. समजा 'लक्ष्मी' नावाची कंपनी आधीच आहे. तुम्ही म्हणाल, आमचं स्पेलिंग वेगळं, आम्ही मध्ये एक्स घालतो, ते के-एस-एच घालतात. चालत नाही, कारण उच्चार तोच. एकवचनाचं अनेकवचन केलं, दोन शब्द जोडून लिहिले, शब्दांची जागा उलटसुलट केली, मागे आकडा लावला, तरी नाव तेच धरतात. आधीच्या नावापुढे नुसतं आपल्या गावाचं नाव जोडलं, तरी ते वेगळं मानत नाहीत. पूर्ण इंग्रजी नावाचं हिंदी भाषांतर केलं तरीसुद्धा नाही. त्यामुळे लक्ष्मी, दुर्गा, प्रगती, जिजाऊ अशी जी नावं प्रत्येक गावातल्या बचत गटाला असतात, ती कंपनीला मिळतील असं धरून चालू नका. गटाचं नाव गावापुरतं असतं, दहा गावांत दहा 'प्रगती' असल्या तरी बिघडत नाही. कंपनीची तपासणी मात्र सगळ्या देशातल्या नावांशी होते.

काही शब्दांना सरकारची आधी परवानगी लागते. 'राष्ट्रीय' या अर्थाचा नॅशनल, 'बोर्ड', 'पंचायत', 'मंत्री', 'कोर्ट' हे त्यातले काही. 'बँक' किंवा 'इन्शुरन्स' असा शब्द घातला तर त्या त्या खात्याची मंजुरी लागते. आपल्याकडे कुणी उत्साहाने 'शिवाजी' किंवा 'गांधी' सुचवतं. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, नेहरू यांची नावं धंद्यासाठी वापरायला 1950 च्या एका केंद्रीय कायद्यानेच बंदी घातली आहे, सरकारच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाहीत. आदर आहे म्हणूनच ही नावं बाजूला ठेवायची, एवढं सभेत समजावून सांगा, म्हणजे नाव सुचवणाऱ्या ताईला वाईट वाटणार नाही.

नाव ठरवण्याआधी दोन ठिकाणी शोधून बघा, दोन्हीकडे पैसे लागत नाहीत. एक, कंपनी मंत्रालयाच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव शोधायची सोय आहे. दुसरं, ट्रेडमार्कच्या वेबसाइटवर. हे दुसरं बऱ्याच जणी सोडून देतात आणि तिथेच अडकतात. कंपनीचं नाव मंजूर झालं म्हणजे त्या नावावर आपला हक्क लागला, असं होत नाही. दुसऱ्या कुणाचा नोंदवलेला ट्रेडमार्क आपल्या नावासारखा निघाला, तर कंपनी नोंदल्यापासून तीन वर्षांच्या आत तो मालक तक्रार करू शकतो. तक्रार खरी ठरली तर तीन महिन्यांत नाव बदलायचा आदेश येतो. आणि आदेश पाळला नाही तर? मग सरकार स्वतःच नाव देतं. 'ओआरडीएनसी' अशी इंग्रजी अक्षरं, पुढे वर्ष, अनुक्रमांक आणि कंपनीचा नोंदणी क्रमांक. या अक्षरांचा अर्थच 'आदेश पाळला नाही' असा आहे. हळदीच्या पाकिटावर हे छापलेलं कसं दिसेल, विचार करा.

आणि एक घरातली गोष्ट. कंपनीच्या नावाची चर्चा चालू असताना संचालक होणाऱ्या ताईंनी आपापली नावं तपासून घ्या. पॅनकार्डवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकावर तिसरंच स्पेलिंग, असं असलं की डिजिटल सही आणि संचालक क्रमांक अडकतो. उत्पादक कंपनीला किमान पाच संचालक लागतात. पाचातल्या एकीचं नाव जुळलं नाही तर फॉर्म तिथेच थांबतो, आणि राखून ठेवलेल्या नावाचे 20 दिवस मात्र संपत जातात. आधी माणसांची नावं नीट करा, मग कंपनीचं नाव मागा.

नाव बदलायचंच असेल तर

बदलायची कारणं खरी असतात. सुरुवातीला एका गावात काम होतं म्हणून त्या गावाचं नाव दिलं, आता आठ गावांच्या सभासद आहेत. मग बाकीच्या सात गावांतल्या बाया म्हणतात, शेअरचे पैसे आमचे, माल आमचा, पाटी मात्र तुमच्या गावाची. यात रुसवा आहे, पण तो खोटा नाही. अशा कंपनीत हळूहळू माल देणं कमी होतं, सभेला येणं कमी होतं. किंवा कंपनीच्या नावात मसाला आहे आणि आता मुख्य काम दुधाचं झालंय.

पहिली अट अशी, की कंपनीचे वार्षिक हिशोब आणि वार्षिक विवरणपत्र भरलेलं पाहिजे. ते थकलेलं असेल तर नाव बदलायला परवानगीच मिळत नाही. कितीतरी कंपन्या इथेच अडतात. ज्यांना "आपलं काही उत्पन्नच नाही तर रिटर्न कशाला" असं कुणी सांगितलं असेल, त्यांनी आजच सीएला फोन करा. धंदा शून्य असला तरी ते भरावंच लागतं.

त्यानंतर संचालक मंडळाची बैठक. नवीन नाव ऑनलाइन मागायचं, इथेही फी 1000 रुपये, आणि मंजूर नाव 60 दिवस राखून ठेवतात. या 60 दिवसांत सर्वसाधारण सभा घेऊन विशेष ठराव करायचा. ठरावाची प्रत 30 दिवसांच्या आत 'एमजीटी-14' फॉर्मने कंपनी निबंधकांकडे जाते आणि 'आयएनसी-24' फॉर्मने नावबदलाची मंजुरी मागायची. फॉर्मचे क्रमांक पाठ करू नका, सीए करतील. तुम्ही तारखा मात्र वहीत लिहून ठेवा.

सभेतलं गणित तुम्हाला स्वतःला यायला हवं, ते सीएवर सोडू नका. विशेष ठरावाला साधं बहुमत पुरत नाही. विरोधात जितकी मतं पडली, त्याच्या किमान तिप्पट मतं बाजूने पडायला हवीत. 240 जणींनी मत दिलं, 180 बाजूने आणि 60 विरोधात, तर ठराव पास. 170 आणि 70 झालं तर नापास, कारण 70 ची तिप्पट 210 होते. सभासद सगळ्या व्यक्ती असतील तर एकीला एकच मत, शेअर पाच असोत की पन्नास. गणपूर्ती एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश, म्हणजे 400 सभासद असतील तर 100 जणी हजर हव्यात. कंपनीच्या नियमावलीत याहून जास्त लिहिलं असेल तर ते पाळायचं. घरोघर फिरून रजिस्टरवर सह्या गोळा केल्या म्हणजे सभा झाली, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. उद्या वाद झाला तर तोच ठराव गळ्यात येतो. विरोध करणाऱ्या ताईंचं म्हणणं सभेतच ऐका आणि इतिवृत्तात लिहा. जुन्या गावाच्या लोकांना आपलं नाव पुसलं जातंय असं वाटत असेल, तर त्या गावाचं नाव एखाद्या मालाला द्यायचा पर्यायही असतो.

ठराव पास झाला म्हणजे नाव बदललं असं नाही. निबंधकांचं नवीन प्रमाणपत्र मिळतं त्या तारखेपासून नवीन नाव लागू होतं. तोपर्यंत बिलं, चेक, करार सगळं जुन्याच नावाने करायचं. पाकिटं तर प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय छापायला देऊच नका. छापखानेवाला "हजारापेक्षा पाच हजार स्वस्त पडतात" म्हणेल, म्हणू दे.

प्रमाणपत्र आलं की ते घेऊन बँकेत जायचं, पॅनवर नाव दुरुस्त करायचं, जीएसटी असेल तर 15 दिवसांच्या आत तिथे बदल कळवायचा, अन्न परवाना, उद्यम नोंदणी, वीजबिल, ज्या खरेदीदारांशी करार आहे त्यांना पत्र. घटनापत्र आणि नियमावलीच्या सगळ्या प्रतींवर नवीन नाव घालायचं. शिक्काही नवीन करायचा.

काय बदलत नाही, तेही सांगते, कारण यावरून गावात अफवा उठतात. कंपनी तीच राहते. तुमचा शेअर तुमचाच राहतो, पॅनचा नंबर तोच राहतो. आणि कर्जही तेच राहतं. "नाव बदललं, आता बँक जुन्या नावाला शोधत बसेल" असं कुणी चेष्टेनेही बोलू नका. जुन्या नावाने घेतलेलं कर्ज, दिलेला शब्द, शेतकऱ्यांचे थकलेले पैसे, सगळं नवीन नावाच्या कंपनीलाच द्यायचं असतं.

मालाच्या नावाचा ट्रेडमार्क घ्यायचा असेल तर लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी 4500 रुपये आहे, आणि तो दर 10 वर्षांनी पुढे चालू करावा लागतो. मसाले 30 नंबरच्या वर्गात येतात, लोणची 29 मध्ये. म्हणजे दोन्ही करत असाल तर फी दोनदा. ज्या मालाची विक्री खरोखर चालू आहे, त्याचाच आधी घ्या.

राहिली ऑफिसवरची पाटी. कंपनीचं नाव ऑफिसबाहेर लावावंच लागतं, आणि इंग्रजीत असेल तर स्थानिक भाषेतही, म्हणजे आपल्याकडे मराठीत. नाव बदलल्यावर पुढची दोन वर्षं नवीन नावासोबत जुनं नावही त्या पाटीवर लिहायचं असतं. पेंटरला सांगताना तेवढी जागा सोडायला सांगा.