दूध उकळले होते, मग काय बिघडले?

बुद्धपौर्णिमा जवळ आली की इंदोऱ्यापासून कामठीपर्यंत वस्त्यावस्त्यांत खिरीची चर्चा सुरू होते. दूध किती लिटर, तांदूळ किती किलो, गंज कुणाकडून आणायचा. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका वस्तीत असेच सारे ठरले. सकाळी घाई नको म्हणून दूध आदल्या रात्रीच प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये आणून ठेवले. तांदूळही रात्री शिजवून झाकून ठेवला. सकाळी दूध उकळले, खीर केली आणि दुपारी तीनपर्यंत वाटप चालले. संध्याकाळी दहा-बारा पोरांना उलट्या सुरू झाल्या. दोघांना सलाइन लावावे लागले. सगळी बरी झाली, पण बोट ठेवले गेले ते खीर ढवळणाऱ्या मावशींवर. मावशी एकच सांगत होत्या, "मी दूध चांगले उकळले होते." त्या खरे बोलत होत्या. खिरीचा नमुना कुणी तपासला नाही, म्हणून नेमका कोणता जंतू होता हे आम्ही सांगू शकत नाही. पण उकळलेल्या दुधानेही त्रास कसा होऊ शकतो, हे सांगता येते.

दुधात पाणी, साखर, प्रथिने, चरबी आणि क्षार असतात. म्हशीच्या दुधात साधारण सहा-सात टक्के चरबी, गाईच्या दुधात साडेतीन-चार टक्के. वासराला वाढवायला निसर्गाने केलेले हे अन्न जंतूंनाही तितकेच मानवते. मात्र दूध अगदीच निराधार नसते. त्यात लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन असते. ते लोह धरून ठेवते आणि लोह मिळाले नाही की बऱ्याच जंतूंची वाढ खुंटते. जंतूंना अडवणारी आणखीही काही द्रव्ये असतात. म्हणून नुकत्याच काढलेल्या दुधात पहिले दोन-तीन तास जंतू फारसे वाढत नाहीत. पुढे ही राखण संपते. दूध गरम जागी असेल आणि मुळातच घाण जास्त गेली असेल, तर ती लवकर संपते. न धुतलेली कास, शेण लागलेले हात, आतून चिकट झालेला कॅन, वाढवलेले पाणी, या सगळ्यांतून जंतू येतात. नागपूरच्या मे महिन्यात रात्रीसुद्धा घरात तिशीचा उकाडा असतो. अनुकूल हवेत ई. कोलायसारखा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे सहा तासांत अडीच लाखांवर होतात.

दुधाची साखर आंबवणारे जंतू दूध नासवतात, म्हणून ते आपल्याला कळतात. रोग देणारे जंतू चव किंवा वास बदलतीलच असे नाही. "दूध फाटले नाही, म्हणजे चांगले आहे" हा हिशेब इथेच चुकतो.

याहून मोठी गोम पोटात आहे. जठरातल्या आम्लात बरेच जंतू मरतात. पण दुधातली प्रथिने त्या आम्लाचा जोर कमी करतात आणि चरबी जंतूंना आडोसा देते. पाण्यातून गेले असते तर मेले असते असे जंतू दुधातून गेल्यावर जिवंत आतड्यापर्यंत पोहोचतात. म्हणजे थोडेसे जंतूही माणसाला आजारी पाडायला पुरतात.

म्हणून धारोष्ण दुधाचे कौतुक आम्हाला पटत नाही. गोठ्यात उभे राहून पोराला पेलाभर कच्चे दूध पाजले की ताकद येते, असे अजून सांगितले जाते. कुणी मोठ्याने सांगितले म्हणून खरे मानू नये, हे आपल्या समाजाला नव्याने शिकवायला नको. कच्च्या दुधातून जनावरांचा क्षय माणसाला होऊ शकतो, ब्रुसेलाही होतो. १९०५ मध्ये माल्टा बेटावर थेमिस्टोक्लीस झामित या डॉक्टरांनी दाखवले की तिथला जुना चिवट ताप शेळ्यांच्या दुधातून येत होता, आणि त्या शेळ्या दिसायला धडधाकट होत्या. तोच हा ब्रुसेला. ताप चढतो, उतरतो, पुन्हा येतो. रात्री घाम फुटतो, कंबर आणि सांधे धरतात. टायफॉइड समजून औषधे चालू राहतात आणि महिने जातात. घरी शेळी-म्हैस असेल, गाभडलेल्या जनावराची वार हाताने काढली असेल किंवा कच्चे दूध पिण्यात आले असेल, तर डॉक्टरांना न विचारताही सांगावे. जनावरांसाठी २०१९ पासून सरकारी लसीकरण मोहीम आहे. त्यात गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस देतात.

उकळीने हे दोन्ही जंतू मरतात. मग मावशींच्या खिरीचे काय?

जंतू मरणे आणि त्यांचे विष जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कासदाह झालेल्या म्हशीच्या सडातून किंवा जखमेच्या हातातून स्टॅफिलोकॉकस जंतू दुधात जातो. रात्रभर उकाड्यात तो वाढला तर विष सोडतो. सकाळच्या उकळीत जंतू मरतो, विष तसेच राहते. दुसरा संशयित तांदूळ. बॅसिलस सिरियस या जंतूची बीजे भात शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती उगवतात, आणि त्याचे उलटी आणणारे विष पुन्हा तापवूनही जात नाही. दोन्हींत उलट्या काही तासांतच सुरू होतात. बिघाड चुलीवर झाला नव्हता. तो रात्री कॅनमध्ये झाला असेल, नाहीतर झाकलेल्या भातात. मावशींना नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

घरी काय करायचे ते थोडक्यात. सुटे दूध आले की लगेच उकळा, उकळी आल्यावर ढवळत दोन-तीन मिनिटे ठेवा, झाकून लवकर थंड करा. फ्रिज नसेल तर भगोने पाण्याच्या परातीत ठेवा आणि दूध त्याच वेळेत संपवा. पिशवीचे दूध पाश्चराइज केलेले असते, म्हणजे ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून थंड केलेले. पण पिशवी दुकानात उन्हात कोमट झाली असेल तर तेही उकळावे. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. त्यात लॅक्टोफेरिन गाईच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असते आणि ते कॅनमधून येत नाही.

खिरीसाठी दूध त्याच पहाटे आणावे. कॅन उकळत्या पाण्याने धुतलेला असावा. तांदूळ रात्री भिजवला तर गार पाण्यात आणि थोडाच वेळ, शिजवायचा मात्र सकाळीच. हाताला फोड किंवा जखम असेल त्याने ढवळायला, वाढायला बसू नये. खीर वाटेपर्यंत मंद आचेवर, चटका बसेल इतकी गरम ठेवावी. उतरवून ठेवली तर मे महिन्यात तासाभरात संपवावी. उरलेली "संध्याकाळी पोरांना देऊ" म्हणून झाकून ठेवू नये.

त्या वस्तीतल्या मंडळाने गेल्या वर्षी एका मोठ्या गंजाऐवजी दोन लहान गंज मांडले. पहिला संपत आला की दुसरा चढवला. दूध पहाटे पाचला आले. ढवळायला मावशीच होत्या, आणि त्यांनी आधी सगळ्यांचे हात तपासले.