एक मोहोळ म्हणजे एक मन?

‘स्टार ट्रेक’ मालिकेत १९८९ साली अवतरलेल्या ‘बोर्ग’ या परग्रहवासी जमातीत देह अगणित, मन मात्र एकच. पृथ्वीवर याचा नमुना म्हणून मधमाश्यांकडे बोट दाखवले जाते. काटोलच्या संत्राबागांत आंबिया बहरावर येणाऱ्या सातेरी आणि आग्या त्याच कुळातल्या. पण त्यांच्या युरोपीय बहिणींवरचे प्रयोग बोर्गच्या बाजूने जात नाहीत. नव्या घराच्या शोधातल्या थव्यातील टेहळ्या माश्या जागा पाहून येतात आणि नाचातून दिशा व अंतर सांगतात. (राणीला यात कुणी विचारतही नाही.) जागा चांगली तर नाच लांबतो. मधमाश्यांचे अभ्यासक टॉमस सीली यांना तर असे दिसले की, दुसऱ्या जागेसाठी नाचणारीला प्रतिस्पर्धी टेहळ्या डोक्याने ढुसण्या देऊन थांबवतात. एका जागी पुरेशा टेहळ्या जमल्या की निर्णय होतो. म्हणजे एकमत आधीपासून नसते, ते भांडून घडते.

आक्षेप असा की, मेंदूतल्या पेशीही एकमेकींना अशाच दाबतात. मग थव्यालाच मन का म्हणू नये? निर्णयापुरते हे साम्य खरे, सीलींनीही ते मांडले आहे. पण जाणिवेचा दावा त्याहून मोठा. माशीच्या डोक्यात सुमारे दहा लाख चेतापेशी असतात. रंग आणि गंध ती एकटीच शिकते. शिवाय चेतापेशीला स्वतःची पिले वाढवायची नसतात. कामकरी माशी मात्र क्वचित स्वतःचे अंडे घालते, आणि इतर कामकरी ते हुडकून खाऊन टाकतात.