इंजिनाचा जमाखर्च

देहूरोड परिसरात मालवाहतुकीला फाटे फुटतात. जुन्या महामार्गाने काही ट्रक निगडी-पिंपरीकडे वळतात, काही बाह्यवळणाने कात्रजच्या दिशेने निघतात; चाकणचा माल तळेगाव बाजूने येतो-जातो. भरलेला ट्रक येथे वारंवार थांबतो आणि जागच्या जागी पुन्हा उचलतो. त्या क्षणी क्रँकशाफ्ट फिरवणारे बळ, म्हणजेच टॉर्क, किती लागले? हे मोजणारे यंत्र सर्वसाधारण वाहनात नसते. वाहनातील संगणक त्याचा केवळ हिशेब मांडतो.

हिशेबाची रीत व्यापारी घरांना परकी वाटू नये. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला एका वेळी ५० मिलिग्रॅम डिझेल मिळाले असे धरू. एका ग्रॅम डिझेलात सुमारे ४३ किलोजूल उष्णता असते, म्हणजे जमेला २,१५० जूल आले. धुराड्यातून जाणारी उष्णता, शीतकाने शोषलेली उष्णता आणि घर्षण हा खर्च वजा जाता ३८ टक्के शिल्लक राहिली, तर हाती ८१७ जूल काम लागते. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत चारही सिलिंडर एकेकदा राबतात. त्यावरून टॉर्क सुमारे २६० न्यूटन-मीटर निघतो. मिनिटाला २,००० फेरे असतील, तर शक्ती साधारण ५४ किलोवॉट.

खरी अडचण त्या ३८ टक्क्यांत आहे. वेग, हवेचा दाब, इंधन फवारण्याची वेळ यांनुसार तो आकडा सतत बदलतो. म्हणून इंजिन आधी प्रयोगशाळेत डायनॅमोमीटरला जोडतात, शेकडो स्थितींत टॉर्क प्रत्यक्ष मोजतात आणि त्या मापांचे कोष्टक संगणकाच्या स्मृतीत भरतात. १९६६ मध्ये स्थापन झालेली, पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ‘एआरएआय’ ही संस्था आणि तिचे चाकण येथील केंद्र अशा चाचण्यांसाठी ओळखले जाते. इंजेक्टर झिजला की मात्र कोष्टकातले ५० मिलिग्रॅम आणि सिलिंडरातले ५० मिलिग्रॅम एकच राहत नाहीत, हेही ध्यानी घ्यावे.

धुराचा अंदाज त्याहून बिकट. कार्बन डायऑक्साइड सरळ इंधनावरून निघतो. एक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे तसे नाही. ज्वलनाचे तापमान साधारण १,५०० अंश सेल्सिअसपलीकडे गेले की हवेतलाच नायट्रोजन प्राणवायूशी झपाट्याने संयोग पावतो, आणि तापमानाच्या अंदाजातली लहानशी चूक उत्तरात कैकपट मोठी होते. काजळीचे गणित तर याहूनही हट्टी.

जड वाहनांसाठी या ऑक्साइडांची मर्यादा पूर्वीच्या भारत स्टेज-४ मध्ये दर किलोवॉट-तास कामामागे ३.५ ग्रॅम होती. १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज-६ मध्ये, बदलत्या भाराच्या चाचणीत, ती ०.४६ ग्रॅमवर आली. येथे छेदस्थानी काम आहे, आणि रस्त्यावरील चाचणीत ते काम संगणकाने सांगितलेल्या टॉर्कवरूनच काढतात. टॉर्क फुगवून सांगितला तर धूर तेवढाच राहूनही कमी भासेल. उलाढाल फुगवली की खर्चाचे प्रमाण घटते, तसेच हे. म्हणूनच संगणकाचा टॉर्क प्रत्यक्ष मापाशी ताडून पाहण्याची अट नियमांत घातलेली आहे.

संगणकाची लबाडी ही काल्पनिक भीती नव्हे. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या काही डिझेल गाड्यांत चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरता धूर घटवणारी आज्ञावली सापडली. एआरएआयच्या चाचण्यांनंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले.

आज लहान वाहतूकदाराला याचीच धाकटी आवृत्ती विकली जाते. नव्या ट्रकांत ३२.५ टक्के युरियाचे द्रावण धुरात फवारून ऑक्साइड निवळतात. किती फवारायचे हे अंदाजित आणि मोजलेल्या ऑक्साइडांवर ठरते. द्रावणाचा खर्च वाचवण्यासाठी संगणकाला खोटे संकेत देणारे उपकरण बसवले जाते. मग खातेवहीत सारे सुरळीत दिसते आणि धूर मात्र चौकातल्या दुकानांत शिरतो.

उलट प्रामाणिक ट्रकात द्रावण संपले वा निकृष्ट निघाले की संगणक इंधन रोखून टॉर्क मर्यादित करतो. चढावर गाडी अचानक दमली, तर इंजिन उघडण्याआधी द्रावणाची टाकी आणि सेन्सर तपासून घ्यावेत.